सव्वाबाराची झील

खरं की खोटं, हे विचारू नका. ज्याला पटायचं नाही त्याने इथंच थांबावं, माझं काही म्हणणं नाही.

मी लातूरला टू-व्हीलरचं गॅरेज चालवतो. तीस वर्षं झाली इंजिनं उघडून. बिघाड डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी मान डोलावत नाही. भुताखेतांच्या गोष्टी घेऊन येणाऱ्याला मी बाहेरच्या टपरीवर चहा पाजून कटवतो.

पण ही गोष्ट मल्लिनाथची आहे. माझा सख्खा मावसभाऊ. उभ्या आयुष्यात त्याने थाप मारलेली मला आठवत नाही.

एक सोडून.

तारीख २४ एप्रिल २०२५. वार गुरुवार. आणि रात्रबित्र काही नाही. दुपारचे सव्वाबारा, डोक्यावर ऊन, मांडवात तीनशे माणसं.

गाव मुखेड तालुक्यातलं. नाव सांगणार नाही, तिथं अजून माणसं राहतात.

या गावात दर चैत्रात महादेवाच्या देवळापुढे शिवनाम सप्ताह बसतो. सात दिवस भजन. एकाने उभं राहून पदाची ओळ म्हणायची, बाकी सगळ्यांनी ती उचलायची. या उचलण्याला झील धरणं म्हणतात.

गावचा रिवाज कडक. ओळ एकदा तोंडातून निघाली की खाली पडू द्यायची नाही. म्हणणारा बेसूर असो, वैरी असो, तुझ्यावर केस टाकलेला असो. बांधावर डोकी फोडा, पण मांडवात झील धरा.

हे उगाच नाही. लोक झील म्हणतात तेवढ्यात म्हणणारा श्वास घेतो.

झील नाही धरली, तर तो श्वास कुठं घेणार?

गावात पद म्हणावं तर सिद्धरामने. दोन एकरांचा धनी, लग्न नाही, लेकरू नाही. त्याचा आवाज देवळातून निघाला की स्टँडवर ऐकू यायचा. आणि त्याच्या डाव्या हाताला बसून पहिली झील धरणारा मल्लिनाथ. बावीस वर्षं ही जोडी. मल्लिनाथची पोरगी ऋतुजा तर सिद्धूकाकाच्या मांडीवरच गायला शिकली.

मग सप्त्याच्या कमिटीवर अण्णाराव आला.

अण्णारावने २०२४ला बाहेरगावची गाणारी पार्टी आणली. मोठे स्पीकर, चमकीचे जॅकीट. गावाने खाली बसायचं आणि ऐकायचं.

सिद्धराम सगळ्यांसमोर बोलला, "अण्णाराव, भजन काय बसून बघायची चीज हाय का? गावाच्या तोंडाला कुलूप घालून राहिले तुम्ही."

अण्णाराव तिथं हसला. संध्याकाळी घरोघर फिरला.

"उद्या सिद्धराम उठला तर कोणी झील धरायची न्हाई. बघू किती दम हाय त्याच्यात."

मल्लिनाथचा टेम्पो अण्णारावच्या सोयाबीनवर चालायचा. त्याने मान खाली घातली आणि "हाव" म्हणाला. मी त्याला तोंडावर सांगितलंय, तू तिथंच मेलास. त्याने ते ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी, सप्त्याच्या पाचव्या दिवशी, सव्वाबाराला पार्टी जेवायला उठली. सिद्धराम उभा राहिला. कपाळावर विभूती, हातात काशाचे टाळ. त्याने ओळ टाकली.

कोणी उचलली नाही.

त्याला वाटलं, ऐकू गेली नसेल. परत टाकली.

तीनशे माणसं जमिनीकडे बघत बसली.

तिसरी. चौथी. थांबायला तयार नाही गडी. थांबला असता तर ओळ पडली असती ना. मान वळवून त्याने मल्लिनाथकडे बघितलं. बावीस वर्षं जिथून झील येत होती तिकडे बघितलं, एवढंच.

मल्लिनाथशेजारी ऋतुजा बसलेली. सोळा वर्षांची. तिने झील धरायला तोंड उघडलं.

मल्लिनाथने तिच्या तोंडावर हात दाबला.

पोरीने हिसके दिले. त्याने सोडलं नाही. चार बोटं एका गालावर, अंगठा दुसऱ्या गालावर, असा गच्च दाबून बसला.

सातव्यांदा ओळ आली तेव्हा सिद्धरामचे ओठ निळे पडले होते. अण्णारावचा पुतण्या उमाशंकर उठला. सिद्धरामच्या हातातला एक टाळ त्याने हिसकावला आणि त्याच टाळाने कानशिलावर घाव घातला.

परत घातला.

तिसऱ्या घावाला आवाज बदलला. तो आवाज मल्लिनाथ मला तोंडाने करून दाखवतो. मी त्याला सांगितलंय, परत करू नको.

अण्णाराव म्हणाला, "पायरीवरून पडला." पोलीस आले तेव्हा तीनशे माणसांनी तेच सांगितलं. मल्लिनाथनेही.

मघाशी म्हटलं ना, एक सोडून? ती ही थाप.

सिद्धरामला त्याच्याच शेतात माती दिली. आमच्यात जाळत नाहीत, बसवून माती देतात, तशी. कोणीतरी उरलेला एक टाळ त्याच्या मांडीवर ठेवला. रक्ताचा टाळ उमाशंकरने देवळामागच्या विहिरीत टाकला.

ऋतुजा लातूरला नीटच्या क्लासला आली. माझ्याच घराजवळ रूम करून राहिली. बापाचा फोन आला की "हं" आणि "बरं", एवढंच. गाणं तर नावालाही नाही.

वर्ष गेलं. परत सप्ताह बसला. परत तीच पार्टी, तेच स्पीकर.

पहिल्या दिवशी मल्लिनाथ देवळात टाळ काढायला गेला. भिंतीला खुंट्या असतात, एका खुंटीला एक जोड. शेवटच्या खुंटीला...

एकच टाळ होता.

ओला. खाली फरशीवर पाण्याचं थारोळं, आणि पाण्याला शेवाळाचा वास.

त्याने कोणाला सांगितलं नाही. फडक्याने फरशी पुसली आणि बाहेर आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या खुंटीवर जोड पूर्ण झाली होती. दुसरा टाळ कोरडा. वाटीत काळी माती भरलेली, आणि मातीत... विभूतीचा पांढरा चुरा.

मल्लिनाथ धावत शेतात गेला. सिद्धरामची माती जशीच्या तशी होती. वर गवत उगवलेलं, कोणी खणलेलं नाही, कोणी हात लावलेला नाही.

तरी हा माणूस गप्प बसला. गप्प बसायची सवय लागली की सुटत नाही.

पाचवा दिवस उजाडला. ऋतुजाच्या परीक्षेला दहा दिवस उरले होते. देवाच्या पाया पडून जा, म्हणून आई चांगुणाने तिला हट्टाने बोलावून घेतलेलं. ती बायकांच्या बाजूला, आईला खेटून बसली होती.

बाराला लाईट गेली. पार्टी जेवायला उठली. मांडवाचा आणि स्पीकरचा ठेका मुखेडच्या पाशामियाँचा. तीस वर्षं प्रत्येक गावच्या सप्त्यात तेच येतात. त्यांनी जनरेटर बंद केला आणि वायर गुंडाळायला बसले.

मांडवात कुजबूज होती. लेकरं रडत होती. पंख्याऐवजी पदर हलत होते.

मग हळूहळू...

सगळं थांबलं.

लेकरं गप्प. झाडावरचे कावळे गप्प. पदर हलताना दिसत होते, पण त्यांची सळसळ येत नव्हती.

मल्लिनाथने मनगटावरचं घड्याळ बघितलं. सव्वाबारा.

आणि भोंग्यातून... ओळ आली.

सिद्धरामचा आवाज. तीच ओळ. ती ओळ मी इथं लिहीत नाही. मला पाठ आहे, पण लिहायची हिंमत नाही.

कोणीतरी ओरडलं, "पाशामियाँ, बंद करा ते."

पाशामियाँ उभे राहिले. पांढरेफटक पडलेले. म्हणाले, "भाऊ, मशीन बंद हाय. वायर माझ्या हातात हाय."

दुसऱ्यांदा ओळ आली. या वेळी भोंग्यातून नाही. मांडवातून, जिथं तो मागच्या साली उभा होता तिथून.

तिथं कोणी नव्हतं. सतरंजीवर मात्र दोन पावलांएवढा खळगा पडला होता.

उमाशंकर उठला. जाड गडी, कोणाच्या बापाला भ्यायचा नाही. "कोण चाळे करून राहिलंय बे?" म्हणत तो त्या जागेकडे गेला.

ठण्.

तो जागच्या जागी गुडघ्यावर बसला. कानातून रक्ताची धार मानेवर आली. त्याने हात कानाला लावला, रक्ताकडे बघितलं, त्याला काही उमजेना.

ठण्.

कानशील आत गेलं. आजूबाजूला दहा हातांत कोणी नाही.

तिसऱ्या घावाला आवाज बदलला.

मल्लिनाथने तो आवाज ओळखला.

तिसरी ओळ आली. माणसं पळायला लागली. आणि मांडवभर मार सुरू झाला. मारणारा दिसेना, पण घाव दिसत होते. एकाची पाठ फुटली. एकाचा हात कोपरातून उलटा वळला. एक म्हातारा बांबूला धरून उभा होता, त्याच्या हाताची बोटं बांबूवरच चेचली. जो बाहेर पळायचा तो मार खाऊन आत पडायचा. सतरंज्या रक्ताने भिजल्या. दही-भाताच्या पातेल्यात एक जण तोंडावर पडला, त्याला काढायला कोणी थांबलं नाही.

अण्णाराव स्टेजवर चढून ओरडला, "कोणी तोंड उघडायचं न्हाई. कोणी..."

त्याचा जबडा मिटला.

मिटला तो दाबतच गेला. तो दोन्ही हातांनी उघडायला बघत होता. चौथी ओळ आली आणि त्याचे दात फुटायला लागले. हरभरे भाजताना येतो तसा आवाज, एकामागून एक. ओठांतून रक्त आणि पांढरे तुकडे सदऱ्यावर सांडले. त्याला किंचाळताही येईना.

तेवढ्यात चांगुणाचा आवाज आला.

"अवं... पोरगी बघा. पोरगी बघा आपली."

ऋतुजा बसल्या जागी ताठ झालेली. डोळे बाहेर आलेले. तोंड मिटलेलं, नाक चेपलेलं. गालावर खळगे पडत होते. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक.

हाताचा पंजा. पण हात दिसत नव्हता.

मल्लिनाथ रक्तातून घसरत तिच्याजवळ गेला. तो हात उपटायला त्याने झेप घेतली. उपटायला काही नव्हतंच. त्याची बोटं तिच्याच गालावर फिरली.

मग त्याने ते खळगे नीट बघितले.

चार बोटांतलं पहिलं... तोकडं होतं.

मल्लिनाथच्या उजव्या हाताचं पहिलं बोट टेम्पोच्या दारात सापडून अर्धं गेलंय. लग्नाआधीची गोष्ट.

तो पंजा त्याचाच होता.

पाचवी ओळ आली. ऋतुजाचे ओठ निळे पडले. चांगुणा छाती बडवत म्हणत होती, "तुम्हीच दाबलं होतं न्हवं? तुम्हीच सोडवा आता."

सहावी आली.

मागच्या साली सात झाल्या होत्या. सातवीनंतर काय झालं, हे मल्लिनाथला माहीत होतं.

त्याने तोंड उघडलं. नुसती हवा आली. वर्षभर एक सूर काढला नव्हता त्याने. त्याने घसा खाकरला, थुंकला, परत उघडलं. काहीच नाही.

तेव्हा पायाला काहीतरी लागलं. टाळांची जोड. खुंटीवरून तिथं कशी आली, मला विचारू नका. एक ओला, एक मातीने भरलेला.

त्याने दोन्ही उचलले आणि वाजवले.

सातवी ओळ आली... आणि संपता संपता मल्लिनाथने झील धरली.

कसली झील ती. फाटका, चिरका आवाज, अर्ध्यातच तुटला. पण गालावरचा एक खळगा भरून आला. करंगळीचा.

तिथूनच परत ओळ आली. घाईत नाही, जरा थांबून. श्वास घेऊन टाकल्यासारखी.

त्याने परत धरली. दुसरं बोट सुटलं. आता त्याचाच दम संपत आला. एकट्याने किती ओढणार?

मागून एक आवाज आला. पाशामियाँ. हातात वायर तशीच, डोळे मिटलेले, आणि झील बरोबर धरलेली. तीस वर्षं प्रत्येक मांडवाच्या कोपऱ्यात बसून ऐकलेली, कधी म्हटली नव्हती. मग बोटं चेचलेल्या म्हाताऱ्याने धरली. मग चांगुणाने. मग बायकांची बाजू उठली, मग सगळा मांडव. ज्यांचे हात मोडले होते ते मान हलवून म्हणत होते, ज्यांचे ओठ फुटले होते ते रक्त गिळून म्हणत होते.

अंगठा सुटला. ऋतुजाने श्वास घेतला.

आणि मोठ्याने, खणखणीत, झील धरली.

मल्लिनाथ सांगतो, असं भजन त्याने जन्मात ऐकलं नाही. लेकीकडे बघून रडत होता, आणि तरी त्याला लई बरं वाटत होतं. तीनशे गळ्यांचा एक गळा झाला होता. पाच वाजेपर्यंत एक ओळ खाली पडली नाही.

पाच वाजता पुढची ओळ आली नाही. झाडावर कावळे ओरडले. लाईट आली आणि मांडवातले पंखे फिरायला लागले.

मग लोक भानावर आले. मल्लिनाथने टेम्पोत गाद्या टाकून जखमी नांदेडला नेले. उमाशंकर वाटेतच गेला. अण्णाराव जगला. आजही नळीने जेवतो, जबडा उघडत नाही. पोलिसांना गावाने सांगितलं, मांडवाचे पाईप कोसळले. खरं सांगितलं असतं तर लिहून कोणी घेतलं असतं?

मल्लिनाथने मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडहून निघण्याआधी एक काम केलं. मागच्या सालचं खरं काय ते पोलीस साहेबापुढे सांगून टाकलं. साहेबाने ऐकलं, लिहून घेतलं. तो मोकळ्या मनाने टेम्पो काढून घराकडे निघाला. त्याला वाटलं, फिटलं.

कंधारच्या अलीकडे असताना टेम्पोच्या केबिनमध्ये... ओळ आली.

त्याला भास वाटला. त्याने रेडिओचं बटण बघितलं. रेडिओ बंद.

दोन मिनिटांत चांगुणाचा फोन. तिला नीट बोलताही येईना. "पोरीचा श्वास... पोरीचा..."

टेम्पो कडेला न घेताच त्याने झील धरली. फोनवर ऐकू आलं, पोरीने दम घेतला.

वेळ बारा वाजून सतरा मिनिटं.

तेव्हापासून रोज. एक दिवस खाडा नाही.

चार मे, रविवार. लातूरला ऋतुजाची परीक्षा. सव्वाबाराला ती केंद्राच्या गेटजवळ रांगेत, मल्लिनाथ बाहेर पालकांच्या गर्दीत. मी सोबत होतो, हे माझ्या डोळ्यांदेखतचं आहे. त्याने एकदम माझा दंड धरला, मान वर केली आणि मोठ्याने म्हणायला लागला.

लोक बघायला लागले. एक जण म्हणाला, "काका, पोरांना टेन्शन येईल, गप बसा."

तो थांबेना. त्याचा आवाज तुटायला लागला, घामाने निथळला. तिकडे रांगेत ऋतुजाने गळ्याला हात लावला.

तेवढ्यात बाजूच्या एका बाईने, नांदेडकडची असावी, कोणाची आई कोण जाणे, टाळी धरली आणि झील म्हटली. शब्द चुकले, पण म्हटली. तिच्या मागे आणखी चार. मग पन्नास. कोणाला काही माहीत नाही, पण रात्रंदिवस काळजीने पिळवटलेले आईबाप, त्यांना तोंड उघडायला निमित्त मिळालं. उन्हात, रस्त्यावर, सगळे गायला लागले. एका बापाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

ऋतुजाने वळून बापाकडे बघितलं. वर्षभराने पहिल्यांदा हसली आणि आत गेली.

आता गावात रोज सव्वाबाराला देवळापुढे भजन बसतं. पार्टी नाही, स्पीकर नाही. शेतातली माणसं काम टाकून येतात. पाशामियाँ मुखेडहून येतात, जमेल तेव्हा. आसपासची गावं कौतुक करतात, म्हणतात भजन असावं तर असं. परवा कोणीतरी शाल-नारळ देऊन सत्कारही केला.

लोकांना वाटतं भक्ती आहे. ती आहेच, पण मल्लिनाथ रात्री झोपत नाही. मला म्हणाला, "दादा, मी हाय तोवर ठीक. मी गेल्यावर पोरीसाठी पहिली झील कोण धरील?"

मी त्याला बाहेरच्या टपरीवर चहा पाजला.

आता राहिलं माझं. हे सांगणार नव्हतो.

त्या गेटवर पन्नास माणसं गात होती, तेव्हा एक माणूस गप्प उभा होता. मी. मला लाज वाटली. मला गाता येत नाही. ओळही काही ऐकू आली नाही. मल्लिनाथ म्हणत होता तेवढंच ऐकलं.

गाणं संपल्यावर मल्लिनाथने माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा एकदम उतरला.

"दादा... तुम्ही धरली न्हाई?"

घरी येऊन मी आरशात बघितलं. गालावर काही नव्हतं. मी हसलो आणि जेवायला बसलो.

त्याला आता बरेच महिने झाले. काही झालेलं नाही.

पण रोज बाराला मी गॅरेजमधली सगळी इंजिनं बंद करतो. पोरांना जेवायला पाठवतो. अर्धं शटर ओढतो आणि स्टुलावर बसतो.

काल सव्वाबाराला बाहेरच्या रस्त्यावरचे हॉर्न एकदम बंद झाले. रिक्षा जाताना दिसत होत्या...

पण त्यांचा आवाज येत नव्हता.